देवराव कंडक्टरची तीन राज्यं

कळमगव्हाणात येऊन देवराव खंडारेचं घर विचारलं तर माणूस डोकं खाजवतो. कोरियावाल्याचं घर विचारा, दारापर्यंत आणून सोडतील. दर्यापूरहून जीप, पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं, बुद्धविहाराच्या मागची गल्ली, निळं दार. एकतीस वर्षं हा माणूस एसटीत कंडक्टर होता, बहुतेक काळ अकोट-दर्यापूर गाडीवर. कोरिया तर सोडाच, मुंबईसुद्धा त्यानं दोनदाच पाहिली, तीही दोन्ही वेळा सहा डिसेंबरला. आणि या गड्यानं चोवीस वर्षं खपून मराठीत कोरियाचा इतिहास लिहिला! मोबाइल बनवणाऱ्या आजच्या कोरियाचा नव्हे. दीड हजार वर्षांपूर्वीच्या, तीन राज्यांच्या कोरियाचा. गोगुर्यो, बेक्जे आणि सिल्ला. हसू येतं ना? गावालाही आलं होतं.

सुरुवात एका भिक्खूपासून झाली. सत्त्याण्णव साल असेल. राखाडी चीवर घातलेला एक कोरियन भिक्खू अजिंठ्याला म्हणून निघाला आणि कोणत्या तरी शहाण्यानं बोट दाखवलं म्हणून देवरावच्या गाडीत येऊन बसला. तिकीट मागायला गेल्यावर घोळ कळला. परत जायला गाडी नव्हती. मग देवराव त्याला घरी घेऊन आला. इंदूबाईनं, म्हणजे देवरावच्या बायकोनं, भाकरी आणि तुरीचं वरण वाढलं. सकाळी तो भिक्खू विहारात गेला. तेव्हा विहार म्हणजे चार भिंती अन् वर टिनं. वंदना झाल्यावर तो अंगणात उकिडवा बसला आणि मातीत बोटानं नकाशा काढून मोडक्या इंग्रजीत सांगू लागला. देवरावचं इंग्रजीही दहावीपर्यंतचंच, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

त्या भिक्खूनं सांगितलं ते असं: आमच्याकडे बेक्जे नावाचं राज्य होतं. तिथला एक भिक्खू समुद्र ओलांडून तुमच्या देशात आला, इथली भाषा शिकला आणि विनयाचे, म्हणजे भिक्खूंच्या नियमांचे, ग्रंथ घेऊन परत गेला. आमच्याकडे असं सांगतात.

देवराव नकाशाजवळ सरकला. त्याचा बाप छप्पन साली नागपूरला जाऊन धम्म घेऊन आला होता. जो धम्म या मातीतून पुसला गेला होता, तो कुठल्या कुठे परक्या घरात कोणी जपून ठेवला होता, हे त्याला माहीतच नव्हतं. त्यानं विचारलं, त्या राज्याचं पुढं काय झालं? भिक्खूनं तळहातानं मातीतला नकाशा पुसून टाकला.

सहा-सात महिन्यांनी पोस्टानं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. देवरावनं शब्दकोश विकत घेतला आणि अकोट स्टँडवर गाडी उभी असायची त्या वेळात एकेक ओळ लावायला बसला. ड्रायव्हर चहा प्यायचे, हा राजांची नावं घोकायचा. प्रवासी म्हणायचे, "मास्तर, कोणती परीक्षा देऊन राहिले?" हा आपला हसायचा.

लिहिलेलं पान आधी ऐकायची ती इंदूबाई. तिला अक्षरओळख नव्हती. ती तूर पाखडायची, हा वाचायचा. आणि ऐकणारी कशी, तर वकिलासारखी! तिन्ही राज्यांत बुद्ध होता, तिन्ही राज्यांत भात खायचे, बोलणंही एकमेकांना समजेल असं, आणि तरी तीनशे-चारशे वर्षं एकमेकांच्या नरडीला लागले होते, हे ऐकून ती सूप खाली ठेवायची.

"मंग धम्म काय फक्त मूर्तीपुरता घेतला होता त्याईनं?"

बेक्जेच्या एका सेनापतीची गोष्ट तिला सर्वांत जास्त खटकायची. शेवटच्या लढाईला निघताना त्यानं स्वतःच्या बायको-लेकरांना आपल्या हातानं मारलं, असं पुस्तकात होतं. मग पाच हजार माणसं घेऊन गेला आणि तिकडे तोही मेला.

"लढाले गेला तं जाय ना बापा! बायको-लेकराईनं त्याचं काय केलं होतं?"

"दुश्मनाच्या हाती लागू नोये म्हणून मारलं, इंदू."

"म्हंजे दुश्मनाचं काम त्यानंच करून ठेवलं," इंदूबाई म्हणायची आणि पुन्हा पाखडू लागायची.

आता या तीन राज्यांचा शेवट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. सिल्ला आणि बेक्जे आधी मित्र होते. दोघांनी मिळून नदीकाठचा मुलूख जिंकला आणि सिल्लानं एका झटक्यात तो सगळा स्वतःच्या घशात घातला. तिथून जे वैर लागलं ते लागलंच. शंभर वर्षांनी बेक्जेनं सिल्लाला इतकं टेकीला आणलं, की सिल्लाचा एक सरदार समुद्र ओलांडून चीनच्या तांग दरबारात गेला आणि म्हणाला, या, आमच्या शेजाऱ्याला बुडवा. तांग आले. बेक्जे बुडालं, मग गोगुर्यो बुडालं. आणि तांग परत जाईनात! सिल्लालाही खिशात घालायला निघाले. शेवटी सिल्लानं लढून त्यांना हाकललं, पण उत्तरेकडचा मोठा मुलूख गेला तो गेलाच. सिल्लाचा दूत तांगच्या दरबारात उभा आहे, या पानाला आलं की देवरावचा आवाज चढायचा. "घरातलं भांडण घरात ठेवलं असतं तं..." असं म्हणून तो वाक्य अर्धंच सोडायचा.

वही पूर्ण झाली तेव्हा देवराव सत्तरीला आला होता. आणि इंदूबाईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा अमरावतीला डायलिसिस. एकदा परत येताना जीपमध्ये ती म्हणाली, "तुकड्या-तुकड्यानं लय आयकलं. आता एक डाव सलग आयकाचं हाये. विहारात, बुद्धापुढं. मले धाडाच्या आंधी."

विहाराच्या पायाच्या विटा या दोघांनी डोक्यावर वाहिल्या होत्या. आता तिथं पक्का हॉल झाला होता. वर्षावासाचे तीन महिने रोज संध्याकाळी तिथं ग्रंथवाचन चालायचं आणि आश्विन पौर्णिमेला खिरीनं सांगता व्हायची. या वर्षी ग्रंथ झाल्यावर रोज अर्धा तास देवरावची वही वाचायची, असं जुन्या कमिटीनं ठरवलं. देवरावला आभाळ ठेंगणं झालं. त्यानं वहीला नवं कव्हर घातलं.

पण त्याच हॉलवर दुसऱ्याही कोणाचा डोळा होता, आणि तो दुसरा म्हणजे देवरावचाच पोरगा नागसेन.

नागसेन वाईट पोरगा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. चाळिशीला टेकलेला, दर्यापूरच्या कृषी केंद्रात कामाला. ऐन उमेदीची सहा वर्षं त्यानं स्पर्धा परीक्षांमध्ये घातली होती, दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीच्या आवाजात, आणि दर वेळी चार-पाच मार्कांनी हुकला होता. आता गल्लीतली पंधरा-वीस पोरं-पोरी पोलीस भरतीची, तलाठ्याची तयारी करत होती. त्यांच्यासाठी विहाराच्या हॉलमध्ये अभ्यासिका करायची, असा त्याचा आणि युवा मंडळाचा ध्यास होता. म्हातारे म्हणायचे, टेबलं लावली की वंदनेला बसायचं कुठं? पोरं म्हणायची, वंदना अर्धा तास, बाकीचे साडेतेवीस तास हॉल काय झोपा काढतो? दोघांचंही खरंच होतं की! बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून दोघंही बाबासाहेबांचंच नाव घेऊन भांडायचे. शेवटी तोडगा निघाला. वर्षावास होऊ द्यायचा, त्यानंतर टेबलं लावायची.

देवरावच्या वाचनाचा पहिला दिवस उजाडला. इंदूबाईनं पांढरं लुगडं नेसलं. तो वही काखेत मारून, तिला हाताला धरून विहारात आला. बघतो तर हॉलभर टेबलं! भरतीची जाहिरात अचानक निघाली होती, परीक्षा दोन महिन्यांवर आली होती, म्हणून नागसेननं दुपारीच टेम्पोतून टेबलं आणून लावली होती. पोरं माना खाली घालून वाचत बसली होती.

"बाबा, दोन मयनेच," नागसेन म्हणाला. "तुमचं कोरिया पंधराशे वर्स थांबलं, आखीन दोन मयने थांबन. याईचं वय निघून जाईन."

कोणीतरी हसलं. बस्स. ते हसणं देवरावच्या कानात शिसं ओतल्यासारखं गेलं. इंदूबाई म्हणाली, "चाला घरी. कोपऱ्यात बसून वाचता येते उद्या." पण त्याचं तिकडं ध्यानच नव्हतं. दोन महिने! डॉक्टर इंदूबाईचे किती दिवस सांगत होते, हे पोटच्या पोराला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण आईला ऐकवायला घर आहे की, असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी जुन्या कमिटीतले दोन म्हातारे एका माणसाला घेऊन आले. अमोल त्याचं नाव. तालुक्यातले एक भाऊ आहेत, त्यांचा माणूस. भाऊंचं नाव कशाला घ्यायचं, असल्या भाऊंना गाडी असते आणि संस्था असते, तेवढं पुरतं. अमोलनं कागद पुढं केला. विहारात वाद उद्भवला आहे, तरी वाद मिटेपर्यंत भाऊंच्या संस्थेनं तात्पुरता ताबा घ्यावा, अशी समितीची विनंती. विहार बांधताना नोंदलेल्या समितीतला हयात असलेला पदाधिकारी एकच, सचिव देवराव. त्याच्या सहीशिवाय कागद म्हणजे रद्दी.

"काका, आठ दिवसांत टेबलं भायेर," अमोल म्हणाला. "भाऊ सोता तुमच्या वाचनाले येणार हायेत."

आता मला सांगा, सगळ्या वऱ्हाडात या कागदाचा अर्थ ज्याला कळायला हवा होता असा एकच माणूस होता की नाही? चोवीस वर्षं ज्यानं हेच पान लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं! आणि कळला नाही असंही नाही. पेन हातात घेतल्यावर त्याला सिल्लाचा दूत आठवला. पण त्याच्या पाठोपाठ शेवटचं प्रकरणही आठवलं. सिल्लानं तांगला हाकललंच ना शेवटी? मग आधी बोलावू, नंतर हाकलू. पुस्तक वाचून माणूस शहाणा होतो म्हणतात, हा पुस्तक वाचून धीट झाला. त्यानं सही केली.

चौथ्या दिवशी भाऊंची माणसं आली. त्यांनी टेबलं बाहेर काढली. श्रावणातल्या पावसात ती दोन दिवस भिजत पडली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माणसांनी सतरंज्या बाहेर काढल्या, मग वाचनाचं स्टूल, मग दाराला कुलूप लावलं. त्याच्या वर भाऊंच्या संस्थेचा बोर्ड ठोकला. आत राहिले फक्त बुद्ध आणि बाबासाहेब.

देवराव दर्यापूरला भाऊंच्या ऑफिसात सहा वेळा गेला. कधी भाऊ बैठकीत, कधी दौऱ्यावर. सहाव्या वेळी भेटले, पाणी पाजलं आणि म्हणाले, "काका, दोन्ही पार्ट्या एक झाल्या की देऊ ना ताबा. मले कायले पायजे?" दोन्ही पार्ट्या आता एकमेकांचं तोंड बघत नव्हत्या, हे भाऊंना चांगलं माहीत होतं. तांगला हाकलायला सिल्लाला सहा-सात वर्षं लागली होती आणि त्यांच्याकडे घोडदळ होतं. देवरावकडे एसटीचा पास होता.

नागसेननं बापाशी बोलणं टाकलं. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन दोघं एकमेकांना वळसा घालून जायचे. मधे सून रश्मी, ती दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळेला वाढायची. अभ्यासाची पोरं पांगली. कोणी शेतातल्या मोटारीच्या खोपटात बसायचं, कोणी बसायचंच सोडलं.

आणि इंदूबाई? ती आता खाटेवरून उठत नव्हती. संध्याकाळी वंदनेचा आवाज येईना, तेव्हा तिनं विचारलंच. देवराव म्हणाला, "रंग देऊन राहिले विहाराले. पौर्णिमेपर्यंत होते." एकतीस वर्षं नोकरीत ज्यानं एक खोटं तिकीट फाडलं नाही, तो मरत्या बायकोशी खोटं बोलला. मग म्हणाला, तोवर घरीच सलग वाचतो. रोज दुपारी वाचायला लागला. ती डोळे मिटून ऐकायची. बाराव्या दिवशी ते पान आलं. देवरावनं वहीकडे पाहिलं, एकदम दोन पानं उलटली आणि बेक्जेच्या पाडावापासून वाचू लागला.

"एक पान खाल्लं तुमी," इंदूबाई डोळे न उघडता म्हणाली.

"नाई वो."

"सिल्लाचा माणूस तांगच्या दरबारात जाते, थे. तथी तुमचा आवाज चढते. आज आलंच नाई थे पान."

देवरावनं वही मिटली.

"नागसेननं सांगतलं मले. लय दिवस झाले," ती म्हणाली. "मले वाटलं, तुमी सोताहून सांगसान."

"माही चूक झाली, इंदू."

"मले विहारात आयकाचं होतं," एवढंच ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर तो विषय तिनं काढला नाही. पुढचं वाचू का विचारलं, तर नको म्हणाली. नऊ दिवसांनी सकाळी ती गेली. शेवटचं प्रकरण राहिलंच.

आमच्याकडे माणूस गेलं की जाताना विहारापाशी थांबवतात. दार उघडं असतं, बुद्धरूप दिसतं, वंदना होते, मग पुढं नेतात. इंदूबाईसाठी दोन्ही पार्ट्या आल्या होत्या. पांढऱ्या कपड्यांनी गल्ली भरली होती. तिरडी विहारापुढं टेकवली आणि सगळ्यांनी कुलपाकडे पाहिलं. ते कुलूप काय कोणी विसरलं नव्हतं. पण तेवढ्यापुरतं कोणी तरी उघडेल, असं वाटलं होतं की काय कोण जाणे.

एका म्हाताऱ्यानं अमोलला फोन लावला. भाऊ मुंबईला, किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये. भरतीवाला एक पोरगा दगड घेऊन पुढं झाला. नागसेननंच त्याचा हात धरला. "ठेव थो. केस झाली तं भरती गेली तुयी. मायी माय तं गेलीच." मग तो बापाकडे वळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्याशी बोलला, ते सगळ्यांच्या देखत.

"लावा ना फोन तुमी. तुमच्या तांगले लावा."

ज्या पोराला शाळेत असताना शेजारी बसवून देवरावनं तीन राज्यं सांगितली, तो पोरगा काहीच विसरला नव्हता. देवराव खाली मान घालून उभा राहिला. कुलपाकडे तोंड करून त्रिशरण-पंचशील झालं. इंदूबाईला नेलं. आणि येताना लोक दोन गल्ल्यांनी परतले, गेलेल्या माणसासाठी एक झालेले लोक टाकीपाशी सरळ दोन झाले.

आश्विन पौर्णिमेला खीर झाली नाही. दिवाळी गेली, कापूस घरात आला, कुलूप तसंच आहे. बोर्डाला आता लाइट लावला आहे. भरतीची परीक्षा होऊन गेली, गल्लीतलं कोणी लागलं नाही. देवराव दुपारभर ओट्यावर बसतो. विहाराची मागची भिंत तिथून दिसते.

परवा रश्मी वही घेऊन बाहेर आली. सासूकडून इतकं ऐकलं होतं, म्हणून स्वतःच वाचायला घेतली होती. बोट पानात घालून ती उभी राहिली.

"मामाजी, एक इचारू? तांग परत जाणार नाई, हे सिल्लाले माहीत नोतं काय?"

"माहीत असन," देवराव म्हणाला. "शायने लोक होते थे."

"मंग काऊन बोलावलं?"

वहीत त्याची अकरा पानं कारणं होती. बेक्जेनं घेतलेले चाळीस किल्ले होते, दूताच्या मारल्या गेलेल्या लेकीचं दुःख होतं, नदीकाठचा मुलूख होता. देवरावनं रश्मीच्या हातातल्या पानाकडे पाहिलंही नाही.

"राग आला होता, पोरी," तो म्हणाला. "बाकी काई नाई."

आत नागसेन जेवत होता. त्याचा हात घासावर थांबला. मग त्यानं घास तोंडात घातला, ताट उचललं आणि मागच्या दारानं हात धुवायला गेला.